घालमेलसाहेबांचं शेवटचं वॉरंट

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी एकतीस वर्षांचा होतो, चौथी पास, आणि दिवाणी कोर्टात बेलीफ. लागलो होतो शिपाई म्हणून, पण अक्षर चांगलं म्हणून वर चढवला. कोर्टाची समन्सं लोकांच्या दारात नेऊन द्यायची, निकाल लागला की जमिनीचा ताबा ज्याचा त्याला द्यायचा, हे माझं काम. छातीवर पितळी बिल्ला, खांद्यावरून लाल पट्टा. तो घालून शिवाजी पेठेतून चालत निघालो की ओळखीची माणसंसुद्धा अंग चोरून बाजूला व्हायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

ज्या साहेबांविषयी लिहितोय ते त्याच साली आमच्याकडून बदलून गेले. त्यांचं नाव लिहिणार नाही. कोर्टात कुणी नावानं म्हणतच नव्हतं. वकील लोक त्यांना पाठीमागं घालमेलसाहेब म्हणायचे, आणि ते साहेबांनाही ठाऊक होतं.

घालमेल कसली, तर निकाल द्यायच्या आदल्या दिवशी, सगळी माणसं गेली की साहेब खुर्चीवरून उतरून खाली यायचे. हातात निकालाचे कागद. मला म्हणायचे, "जाधव, तुम्ही जरा त्या जागी उभे राहा." म्हणजे उद्या जो हरणार त्याच्या जागी. मी उभा राहायचो. मग साहेब समोर उभे राहून तो इंग्रजी निकाल मला मराठीत करून सांगायचे. कशामुळं हरला, कुठलं म्हणणं पटलं, कुठलं पटलं नाही. संपलं की चष्मा काढून विचारायचे, कळलं का. मी नाही म्हणालो की ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे आणि ती पानं फाडून पुन्हा लिहायला बसायचे. एकदा मी विचारलं की साहेब, जिंकणाऱ्याच्या जागी कधी उभं का करत नाही ते. म्हणाले, "जिंकणारा निकाल वाचत नाही, जाधव. तो पेढे आणायला जातो. निकाल लिहायचा तो हरणाऱ्यासाठी."

एका जज्जाला कागद फाडायला लावणारा चौथी पास माणूस अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असणार. वकिलांच्या कारकुनांनी मला चहा पाजून, मिसळ चारून बघितलं, उद्याचं काय ते सांग म्हणून. मिसळ खाल्ली. सांगितलं कधीच नाही.

साहेबांचा चहा नेहमी थंड व्हायचा. कपाटाला कुलूप लावून घरी निघालेले साहेब फाटकापासून परत यायचे, कुलूप ओढून बघायचे, मग ते उघडून एखादी फाईल काढायचे आणि एकच ओळ वाचून परत ठेवायचे. ते मला 'अहो' म्हणायचे. झाडूवालीलाही 'अहो' म्हणायचे. आणि रोज निघताना, पायात चप्पल सरकवता सरकवता, एक प्रश्न विचारायचे. "जाधव, आज आपल्यापायी कोण ताटकळलं?" कुणाची तारीख पुढं गेली, कुणाची नक्कल मिळाली नाही, कोण म्हातारी लांबून येऊन बाकावर बसून परत गेली, ते मी सांगायचो. कुणी नसलं की म्हणायचो, कुणी न्हाय साहेब. मग त्यांचे खांदे जरा खाली यायचे. माझ्या देखत हे दोन वर्षं चाललं होतं. त्या दोन वर्षांत 'कुणी न्हाय' म्हणायचे दिवस थोडेच आले.

चेंबरमध्ये साहेबांनी घरून एकच वस्तू आणली होती. भिंतीवरची एक फ्रेम. आत विलायती चेहरा, खांद्यावर रुळणारे कुरळे केस. मला वाटलं तिकडची कुठली तरी राणी. एके दिवशी काच पुसता पुसता विचारलं, साहेब, ह्या बाईसाहेब कोण. दोन वर्षांत साहेबांना पोट धरून हसताना मी तेवढं एकदाच बघितलं. बाई नव्हे, तो तीनशे वर्षांपूर्वीचा तिकडचा मोठा न्यायाधीश होता, आणि ते केस म्हणजे टोप. नाव सांगितलं, पण ते मला तेव्हाही उच्चारता आलं नाही.

पण त्यानं काय केलं ते माझ्या ध्यानात आहे, कारण साहेबांनी ते मला एकदा नाही, दहादा सांगितलं. तिकडं त्या वेळी कोर्टात ठरावीक नमुन्यातल्याच तक्रारी चालायच्या. तुमचं दुःख नमुन्यात बसलं नाही की जा घरी. मग लोक राजाकडं अर्ज करायचे, राजा ते ह्या मोठ्या न्यायाधीशाकडं पाठवायचा, आणि तो आपल्या सद्सद्विवेकाला विचारून सोडवायचा. झालं काय, की विवेक माणसागणिक वेगळा. आज खुर्चीवर मऊ काळजाचा, उद्या दगडाचा. लोकांनी भरवसा कशावर ठेवायचा? या टोपवाल्यानं आपला विवेक नियमात बसवला. कुणाला कशामुळं दिलासा दिला, कुणाला कशामुळं नाही, ते अशा रीतीनं मांडून ठेवलं की पुढच्याला मागच्याचं बोट धरता यावं. साहेब त्याला समन्याय म्हणायचे. तो तिथून निघून आपल्या कायद्यातही आलाय, म्हणायचे, वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात उतरतं तसा.

"कायदा मोडायचा नाही, जाधव," असं म्हणायचे. "कायद्यात माणूस अडकला तर त्याला सोडवायचा. नुसता नियम पाळायचा तर झोप लागते. नियम आणि विवेक दोन्ही सांभाळायचे म्हटलं की झोप जाते." आणि खरंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊनच साहेब यायचे.

पेठेतल्याच एका बोळाचं प्रकरण सांगतो. त्या बोळातून गवळ्याच्या म्हशी रोज पहाटे दूधकट्ट्यावर जायच्या. आमच्याकडं म्हैस चौकात आणून गिऱ्हाइकाच्या समोर पिळायची पद्धत आहे. बोळाच्या मालकानं अर्ज केला की बोळ माझा, म्हशींना मनाई करा. कागद त्याच्या बाजूनं होता. साहेब म्हणाले, बघून येऊ. पहाटे छत्री घेऊन स्वतः हजर, दोन्ही वकील जांभया देत मागं. बघतो तर मालकाच्या मोरीचं पाणी सरळ गवळ्याच्या गोठ्यात सोडलेलं. साहेब मालकाला एवढंच म्हणाले की आधी तुमचं सांडपाणी त्यांच्या गोठ्यातून काढा, मग मागायला या. मी म्हशींचं बघतो. तेवढ्यात एका म्हशीनं शेपटी उचलून साहेबांची पँट भिजवली. सगळ्यांनी माना फिरवल्या. परत येताना साहेब मला काळजीनं विचारू लागले, "माझ्या मनात म्हशींविषयी राग तर नाही ना आला? खरं सांगा." असं तीनदा विचारलं. राग आला असता तर ते प्रकरण त्यांनी दुसऱ्या साहेबांकडं पाठवलं असतं. निकाल असा झाला की पहाटे आणि संध्याकाळी म्हशींना वाट मोकळी, बाकी वेळ मालकानं फाटक लावावं. मोरी आठ दिवसांत हलली.

आणखी एक सांगायला पाहिजे, कारण पुढं लागणार आहे. आमच्या तालमीचा फुटबॉलचा संघ जिंकला की पेठेत मिरवणूक निघायची आणि हलगी मी वाजवायचो. लहानपणापासूनचा हात. अशाच एका मिरवणुकीत साहेब फुटपाथवर कानावर हात ठेवून उभे दिसले. दुसऱ्या दिवशी विचारलं, काल त्या गर्दीतून एखादी बाळंतीण दवाखान्यात न्यायची असती तर रिक्षा गेली असती का. मी म्हणालो, आम्ही वाट दिली असती की. मग म्हणाले, "वाजवता मात्र छान."

आता सोनाबाईचं.

शाहूवाडीकडच्या एका गावात, गावाचं नाव सांगत नाही, डोंगराचा पडीक उतार होता. मोठ्या मालकानं बौद्ध वस्तीतल्या आबाला आणि त्याच्या पोराला तोंडी शब्द दिला, की दगड फोडा, बांध घाला, भाताची खाचरं करा, निम्मी तुमची. बापलेकांनी वर्षानुवर्षं डोक्यावरून दगड वाहिले. उतार जाऊन पायऱ्यांसारखी खाचरं झाली, निम्मं निम्मं पिकवलं. मग आबाचा पोरगा गेला, मागं बायको राहिली, ती सोनाबाई. मोठा मालकही गेला. त्याचा मुलगा, आता तोच मालक, म्हणाला, कागद दाखवा. कागद नव्हता. सोनाबाईनं दावा लावला.

मालकाचा वकील कायद्याला धरूनच बोलत होता. जमिनीच्या मालकीला कागद लागतो. साहेबांची त्या दाव्यात जी घालमेल झाली तशी कधी झाली नव्हती. निकाल तीनदा लिहिला, तीनदा फाडला. चौथ्यांदा मला मालकाच्या जागी उभं केलं आणि सांगू लागले, की तुम्ही आणि तुमचे वडील रोज वरून बघत होता. एकेक दगड चढताना बघत होता. एका शब्दानं नाही म्हणाला नाहीत. दुसऱ्याला घाम गाळू देऊन जो गप्प बसतो, त्याला खाचरं तयार झाल्यावर तोंड उघडता येत नाही. म्हणून निम्मा सामाईक ताबा सोनाबाईंचा. कळलं का?

मी म्हणालो, कळलं साहेब, पण पटलं न्हाय. कागद म्हणजे कागद.

साहेब म्हणाले, पटायची अट नाही. आणि सही केली.

त्या निकालाचं ताबा वॉरंट माझ्याकडं आलं. सामाईक ताबा द्यायचा तर जमिनीत जाऊन वॉरंटाची नक्कल डकवायची आणि गावात दवंडी पिटून सांगायचं, की आजपासून अमुकचा ताबा. दवंडी म्हणजे हलगी. मी कितीतरी ताबे दिले होते. हलगीवाला पुढं, मी मागं, ही रीत.

बुधवारी गावात उतरलो. वरच्या आळीच्या पारावर मालकाची माणसं बसलेली. खाली वस्तीत सोनाबाई, आबा आणि दहा-बारा माणसं वाट बघत होती. बसायला घोंगडं घातलं, चहा पुढं केला. मी म्हणालो, मी चहा पीत न्हाय. दिवसाला सहा कप पीत होतो. का नाही घेतला ते वाचणाऱ्याला कळलं असंल.

मी विचारलं, हलगीवाला कुठं आहे. सगळे एकमेकांकडं बघू लागले. आबा म्हातारा, पण ताठ. म्हणाला, "हलगी न्हाय, सायेब. छप्पन साली धरम घेतला तवा आमी ती नदीत सोडली." मी म्हणालो, मग शेजारच्या गावातनं आणा. तर आजूबाजूच्या वाजंत्र्यांना मालकाचा आधीच निरोप गेला होता की इकडं फिरकायचं नाही. दोघांच्या दारात जाऊन पोरं मोकळ्या हातानं परत आली होती. दवंडी नाही तर ताबा नाही, हे मालकाच्या वकिलानं त्याला बरोबर शिकवून ठेवलं होतं.

मग मी जे बोललो ते मला आजही लिहिताना जड जातंय. मी म्हणालो, "अवो, कुणाच्या तरी घरात जुनी असंलच की. आजच्या दिवस वाजवा. तुमच्याच भल्याचं हाय."

 सोनाबाई पुढं आली. "जमिनीसाठी वाजवायची हुती, तर सोडली कशाला?" ती म्हणाली. "असला ताबा नगं आमाला."

वर पारावर कुणीतरी हसलं. ते हसणं सोनाबाईला होतं की मला, ठाऊक नाही. मी ते मला घेतलं. पट्टा घातलेल्या बेलिफाला एका बाईनं चारचौघांत नको म्हणावं. मी वॉरंट घडी करून खिशात घातलं आणि चालायला लागलो. आबा मागून काहीतरी म्हणत होता. मी थांबलो नाही.

गुरुवारी रिपोर्ट लिहिला, माझ्या चांगल्या अक्षरात. "वादी यांनी ताबा घेण्यास नकार दिला." सही केली आणि आमच्या वरच्या नाझरकडं दिला. त्यात हलगीचा उल्लेख नव्हता, मी काय बोललो त्याचा तर नव्हताच.

त्याच दुपारी दोन गोष्टी कळल्या. एक, साहेबांची बदली झाली, शुक्रवारी संध्याकाळी पाचला चार्ज द्यायचा. दुसरी, मालकाच्या अपिलाची सोमवारची तारीख लागली. अपिलात पहिल्या दिवशी 'जैसे थे'चा हुकूम होणार, हे व्हरांड्यातल्या पोरालाही समजत होतं. जैसे थे म्हणजे जो आत तो आत, जो बाहेर तो बाहेर. सोमवारच्या आधी सोनाबाई खाचरात गेली तर वर्षानुवर्षं आत. नाही गेली तर बाहेर. आणि भाताचा तरवा, म्हणजे रोपं, लावणीला आला होता, तो थांबणार नव्हता. मालकाचा वकील व्हरांड्यात गाणं गुणगुणत फिरत होता.

मी स्वतःला सांगत होतो की तिनंच नको म्हटलं, साक्षीदार आहेत. जेवायला बसलो आणि ताट तसंच बाजूला सारलं. बायकोनं विचारलं, काय झालंय. मी तिच्यावर खेकसलो. शुक्रवारी सकाळपासून साहेबांच्या नजरेला पडायचं टाळत होतो. पुकारा करायला दुसऱ्या शिपायाला उभं केलं. बिल्ल्यावर हात गेला की तो गार लागायचा.

पाच वाजले. वकिलांनी हार घातला, फोटो झाला, सगळे पांगले. साहेबांनी मला बोलावलं. चेंबरमधली फ्रेम काढलेली होती, भिंतीवर तेवढा पांढरा चौकोन राहिला होता. साहेब म्हणाले, कोर्टात चला.

रिकाम्या कोर्टात साहेब खाली उभे राहिले. "जाधव, तुम्ही त्या जागी उभे राहा." मला वाटलं एखादा राहिलेला निकाल असंल. मी हरणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. साहेबांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. माझाच रिपोर्ट होता. माझ्याच अक्षरातला.

"वादी यांनी ताबा घेण्यास नकार दिला," साहेबांनी वाचलं. मग चष्मा काढला. "मला कळलं नाही. जी बाई ह्या खाचरांसाठी तीन वर्षं ह्या बाकावर बसली, ती नको का म्हणाली?"

 पंखा बंद होता, बाहेर सायकली जायचा आवाज येत होता. साहेबांनी दुसऱ्यांदा तो प्रश्न विचारला नाही. ते दाराकडं गेले, चप्पल पायात सरकवली आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज आपल्यापायी कोण ताटकळलं?"

"सोनाबाई," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. हलगी, आबा, पारावरचं हसणं. चहासुद्धा सांगितला. साहेब चप्पल काढून परत आत आले आणि बाकावर बसले, जिथं पक्षकार बसतात तिथं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते हात चोळत बसले.

मी म्हणालो, साहेब, वॉरंट बदलून द्या, दवंडीचं काढून टाका. ते म्हणाले, पाचला चार्ज दिला. आता मी कुणी नाही. आणि असतो तरी काढलं नसतं. सोमवारी अपिलात त्यांचा वकील तेच धरून बसला असता. चार वाजता तुमचा रिपोर्ट माझ्यापुढं आला, तेव्हा मुदत शिल्लक आहे, ताबा पुन्हा देण्यात यावा, एवढा शेरा मारून ठेवलाय. वॉरंट उद्यापर्यंत जिवंत आहे.

"हलगीवाला मिळत न्हाय साहेब," मी म्हणालो.

"वॉरंटात दवंडी पिटून असं आहे," साहेब म्हणाले. "कुणी पिटायची ते लिहिलेलं नाही."

मला उमगायला वेळ लागला. उमगलं तसं अंग तापलं. मी म्हणालो, साहेब, मी सरकारी माणूस, घराण्याचा माणूस, गावात हलगी वाजवत फिरू? पेठेत कळलं तर? तालमीत वाजवतो ती हौस आहे, ही वेगळी. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुम्ही त्यांना बुधवारी करायला सांगितलं होतं," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "मी हुकूम करत नाही. तो अधिकार गेला. पण रिपोर्टाखाली खरं काय झालं ते तुमच्या हातानं लिहा, मग घरी जा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मी तिथंच लिहिलं. "हलगी वस्तीतील लोकांनी वाजवावी असे मी म्हणालो, ती माझी चूक." एवढी एक ओळ लिहायला मला जो वेळ लागला तेवढा चौथीच्या परीक्षेतही लागला नव्हता. अक्षर वाकडं आलं. साहेब फाटकापर्यंत गेले, परत आले, कपाटाचं कुलूप ओढून बघितलं. त्यांचं कपाटच नव्हतं ते आता. मग फ्रेम काखेत धरून गेले. पुन्हा मला ते दिसले नाहीत.

त्या ओळीपायी मला ठपका मिळाला आणि बढती गेली. बेलीफ म्हणूनच निवृत्त झालो. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय. आता मी ब्याऐंशीच्या पुढं आहे. नातू मोबाइलवर कोर्टाची तारीख बघतो, बाकावर माणसं तशीच बसलेली असतात. संध्याकाळी चप्पल काढताना माझ्या तोंडात अजून तो प्रश्न येतो, आणि कुणीतरी असतंच. सून, डॉक्टर, खालचा वाणी, कुणीतरी माझ्यापायी ताटकळलेलं असतं.

साहेबांचं दरवर्षी एक कार्ड यायचं. खुशाली दोन ओळी आणि खाली प्रश्न, सोनाबाईंचं काय झालं. अपील नऊ वर्षं चाललं. नवव्या वर्षी मी कळवलं की जिंकली, खाचरं तिचीच राहिली. उत्तर आलं, ते शेवटचं कार्ड. त्यात एवढंच होतं, "हरणाऱ्याला कारण कळलं का?" त्याच्यावर काय लिहावं ते मला सुचेना. मी उद्या लिहू, उद्या लिहू करत राहिलो, आणि पुढच्या वर्षी कार्ड आलं ते त्यांच्या मुलीच्या अक्षरात. साहेब गेले होते. माझ्यापायी ताटकळलेल्यांत शेवटी तेही आले.

त्या शुक्रवारी मी सरळ घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत जाऊन हलगी मागून घेतली आणि पहिल्या गाडीत बसलो. अंगावर पट्टा, छातीवर बिल्ला, काखेत हलगी. कंडक्टर म्हणाला, "पावणं, लगीन कुठल्या गावात?" मी म्हणालो, सरकारी काम हाय. गाडी भरलेली होती. सगळे माझ्याकडंच बघतायत असं वाटत होतं. दोनदा मनात आलं, उतरावं.

वस्तीत पोचलो तेव्हा आबा दारात बसला होता. हलगी बघून त्याचा चेहरा दगडासारखा झाला. मी लांबच उभा राहिलो.

"आबा, वाजवणार मीच," मी म्हणालो. "शेकायला जरा इस्तू द्या."

हलगीचं कातडं गार असलं की आवाज बसतो. ती आधी विस्तवावर धरावी लागते. आबा कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिला.  सोनाबाई आत गेली आणि पत्र्याच्या तुकड्यावर चुलीतले निखारे घेऊन आली. माझ्यापुढं ठेवले. पुन्हा आत गेली आणि चहा आणून ठेवला. मी तो प्यालो. थोडा बशीत सांडला.

उकिडवा बसून मी हलगी निखाऱ्यांवर फिरवायला लागलो. आबा जवळ आला. हलगीला हात लावला नाही, नुसता वाकून बघत उभा राहिला.

"लई शेकू नगा," तो म्हणाला. "फाटंल."

मी हलगी बाजूला घेतली. उठलो, वरच्या आळीत पारापाशी गेलो. बुधवारचीच माणसं बसलेली होती. बिल्ला सरळ केला आणि वाजवली.